सारवलेली जागा

आश्विन शुद्ध द्वादशी, शके १८५९

पाऊस: शून्य.

तलावाच्या पाळीवर सरकारी पर्जन्यमापक आहे. त्यातलं पाणी रोज सकाळी आठ वाजता मोजून वहीत लिहायचं, हे काम माझ्याकडे आहे त्याला सात वर्षं झाली. यंदाचा पाऊस सरला आणि वहीची बरीच पानं कोरी उरली. तलावाचा साहेब आज शेवटची सही करायला आला तेव्हा त्याला विचारलं, ही पानं मी माझ्यासाठी वापरू का. तो म्हणाला, जरूर. म्हणून हे लिहितो आहे. सरकारचा कागद चोरला नाही, एवढं आधी नोंदवून ठेवतो.

साहेब सहा महिन्यांच्या रजेवर विलायतेला निघाला आहे. सही झाल्यावर त्यानं घोड्यावरच्या टोपलीतून एक पिल्लू काढून माझ्या हातात दिलं. "छे महिना रखेगा, केशोराव?" मी हो म्हणून गेलो. कशाला हो म्हटलं ते पिल्लू हातात आल्यावर कळलं.

तीन महिन्यांचं आहे. रंग धानाच्या तणसाचा. पाय त्याच्या अंगाला मोठे आहेत, जसे दुसऱ्या कोणाचे लावले असावेत. नाव मेजर. जात लाब्राडोर. हा शब्द मी दोनदा विचारून लिहून घेतला. साहेब म्हणाला, घरात घाण करत नाही, सगळं शिकलेलं आहे. त्याचा चपराशी बकाराम यानंही तेच सांगितलं, "बंगल्यात एक थेंब नाई केला जी. मी रोज सकारी आखरावर नेऊन सोडत होतो." आखर म्हणजे गावची गुरं चरायला जाण्याआधी गोळा होतात ती जागा. बंगला तिथून जवळच आहे.

घरी आलो. निर्मलाची माय तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं.

"हे का हाये?"

"कुत्रं."

"थे दिसून राहिलं मले. आपल्या घरी काऊन?"

मी सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "मार्गशीर्षात निर्मला पयल्या बाळंतपणाले येऊन राहिली, आन् तुमी कुत्रं आणून राहिले. लेक येईपावतर शिकलं त राहील. नाई त नेऊन द्या कुठीबी."

तिचं बरोबर आहे. पण माझा शब्द गेला आहे. दोन्ही बरोबर असतील तर चूक कोणाची, ते समजेना.

आश्विन शुद्ध त्रयोदशी

पहाटे अंगणात सडा पडला, निर्मलाच्या मायनं रांगोळी काढली, आणि तिची पाठ वळली तोच मेजरनं रांगोळीला लागूनच बसून आपलं काम उरकलं. घरात केलं नाही, हे खरं. साहेबानं घराचंच बोलणं केलं होतं.

त्यानंतर दिवसभर त्यानं जे केलं ते असं. माझी डावी वहाण खाल्ली. झाडू ओढत तलावापर्यंत नेला. जपाच्या गोमुखीचा गोंडा तोडून गिळला. गोठ्यात घुसलं, तर कपिला गाईनं शिंगावर घेऊन बाहेर फेकलं. तेव्हापासून गोठ्याकडे पाहत नाही. लागलं नाही. उठून तिच्याकडे पाहून शेपूट हलवलं. मार खाऊन शेपूट हलवणाऱ्याला काय म्हणावं. संताला म्हणतात, पण संत वहाण खात नाही.

कोजागिरी

निर्मलाच्या मायनं आज माजघर सारवलं. दुपारी आम्ही दोघं घरामागच्या बाडीत भोपळ्याच्या वेलाजवळ होतो. आत आलो तर माजघराच्या मधोमध मेजरनं केलेलं. दोन्ही प्रकारचं. जमीन अजून ओली होती, त्याच्या पायाचे ठसे भिंतीपर्यंत उमटले होते.

साहेब खोटं बोलणारा नव्हे. बकारामही नव्हे. मग बंगल्यात न करणारं कुत्रं माझ्या घरात करतं, याचा अर्थ काय घ्यायचा? घराचा काही दोष असेल का?

तिनं पाणी आणलं, शेण आणलं, पुन्हा सारवलं. मी दारात उभा राहिलो. हात लावावा की नाही ते कळेना, आमच्याकडे पुरुष सारवत नाहीत.

आश्विन वद्य पंचमी

चार दिवस घर स्वच्छ आहे. अंगणात रोज सकाळी होतं, ते मी तिनं पाहण्याआधी राखेनं झाकून उचलतो. शिकतं आहे असं दिसतं.

अंगात शक्ती फार. सकाळी पाळीवरून पळवून आणलं तरी दुपारी पुन्हा तेवढंच. भैयाजी आले होते. माझे चुलतभाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, आमचं खळं सामाईक आहे. त्यांच्या धोतराचा सोगा धरून मेजरनं त्यांना दारापर्यंत पोचवलं.

"बस म्हन न त्याले," भैयाजी म्हणाले.

मी म्हटलं, बस.

"नाई बसला. कसा बसंल? थो मेजर हाये. थो हुकूम देते, आयकत नाई. तूच बसून पाय बरं एकदा."

आश्विन वद्य एकादशी

आज देवघरात.

सकाळी निर्मलाच्या मायनं देवघर सारवून दिलं. मी आंघोळ करून ओल्या पंच्यानं आलो तोवर झालेलं होतं. अगदी पाटाच्या समोर. मेजर बाजूला बसून माझ्याकडे पाहत होतं. चूक केल्याचा भाव तोंडावर नाही. उलट काहीतरी बरोबर केल्याचा होता, त्यानं मी फार घोटाळ्यात पडलो.

कोजागिरीला माजघर. एकादशीला देवघर. मधल्या साध्या दिवसांत काही नाही. मुकं जनावर तिथी ओळखतं का? ओळखून मुद्दाम करतं, तर त्याला देवाचा राग आहे काय? की देवालाच माझ्या पूजेचा कंटाळा आला आणि त्यानं याच्याकडून निरोप धाडला? पन्नाशी जवळ आली. चौथीपर्यंत शिकलो, पोथी वाचतो, माळ ओढतो, पण ओढताना मन धानाच्या करप्याकडे जातं हे मला माहीत आहे. देवालाही असेलच.

दुपारी नवस केला. कुत्रं शिकेपर्यंत तंबाखू खाणार नाही. पितळी डबी निर्मलाच्या मायच्या हातात दिली.

ती डबीकडे पाहत राहिली. वीस वर्षं ती सोडा म्हणत आली आहे. "कुत्र्यासाठी सोडली?"

"देवासाठी."

"बरं," म्हणाली. डबी पदरात बांधली.

आश्विन वद्य चतुर्दशी

डोकं दुखतं. तंबाखूचं असेल.

कपिला दूध कमी देते आहे. रोज अर्धा शेर कुठं जातं कळत नाही. चारा तोच आहे. भैयाजींना विचारलं, ते म्हणाले दृष्ट लागली असेल. मेजर मात्र धष्टपुष्ट होत आहे. पेजेवर एवढं अंग धरतं म्हणजे विलायती जातीचा गुण असावा.

कार्तिक शुद्ध प्रतिपदा

आज गायगोधन. लिहू नये असं वाटतं, पण दैनंदिनीत लपवलं तर ती कशासाठी.

गोवारी लोक बासरी आणि डफ घेऊन नाचत आले. आखरावर शेणाचा गोवर्धन केला होता, वर धानाची लोंबी, झेंडूची फुलं. त्याच्यावरून सजवलेल्या गाई न्यायच्या. सगळं गाव जमलेलं. मी मेजरला दोरीनं धरून लांब उभा होतो. डफ जोरात वाजला, मी हात जोडले, आणि हात जोडायला दोरी सोडावी लागते हे ध्यानात राहिलं नाही.

तो धावत गेला. गोवर्धनाभोवती तीन फेऱ्या घातल्या, नाकानं वास घेतला, आणि सगळ्या गावासमोर त्याच्या कडेला बसला.

डफ थांबला. मग म्हातारा गोवारी म्हणाला, "प्रदक्षिना घालून बसला बाप्पा. इतका भाव तुमच्यात हाये का?" लोक हसले. भैयाजी हसले नाहीत.

पुन्हा सणाच्या दिवशीच. माझी शंका आता शंका राहिली नाही.

घरी येऊन निर्मलाच्या मायला सांगितलं. ती पदर तोंडाला लावून आत गेली. रडत असावी असं वाटलं, खांदे हलत होते.

कार्तिक शुद्ध नवमी

निर्मलाच्या मायचं लुगडं मेजरनं पदराकडून फाडलं. मी काठी घेतली. ती म्हणाली, "राहू द्या. जुनं होतं." संध्याकाळी बसून शिवलं. ते गेल्या पाडव्याचं होतं, मला आठवतं.

कार्तिक शुद्ध द्वादशी

तुळशीचं लग्न. सणाचा दिवस म्हणून मी कालपासूनच मेजरला घेऊन शेतावरच्या झोपडीत राहिलो. दिवसभर त्यानं कुठंच काही केलं नाही. गवत दाखवलं, बांध दाखवला, पळसाचं झुडूप दाखवलं. नुसतं माझ्याकडे पाहून कण्हलं. संध्याकाळी घरी आणलं. वृंदावनाभोवती आजच सारवलेलं होतं. मांडवाचे ऊस अजून उभे होते. तिथं.

तिथीचा प्रभाव सरत नाही, एक कोस लांब नेलं तरी.

कार्तिक वद्य तृतीया

जे व्हायला नको होतं ते झालं.

आज आम्ही खळं तयार केलं. भैयाजींच्या घरच्या बायका आणि निर्मलाची माय, चौघींनी मिळून सकाळपासून दुपारपर्यंत सारवलं. उद्या धानाचे भारे यायचे होते. खळं म्हणजे लक्ष्मीचं आसन, आम्ही त्यावर वहाण घालून पाय ठेवत नाही. मेजर घरी दोरीनं बांधलेला होता. दोरी चावून आला. बायका हात धुवायला बोडीकडे, म्हणजे लहान तळ्याकडे, निघाल्या तेवढ्यात त्यानं पूर्ण खळ्यावर धाव घेतली आणि मधल्या मेढीच्या खांबाच्या बुडाशी, जिथं उद्या नारळ फुटायचा होता, तिथं बसला.

आज तृतीया. सण नाही, वार नाही, काही नाही. माझा सगळा हिशेब चुकला. मग हा कोणत्या नियमानं चालतो?

भैयाजी मोठ्यानं बोलले नाहीत, त्यानं जास्त लागलं. "केशो, माहं धान या कुत्र्याच्या जागेवर नाई येनार. थे राहील नाई त आपलं सामाईक खळं राहील. आपल्या बापांनी एकत्र मळलं, आपन एकत्र मळलं. तू इचार कर."

मी मेजरला उचलून घरी आणलं. जड झाला आहे. वाटेत माझा कान चाटत होता.

निर्मलाची माय शेणाच्या भरल्या हातानं खळ्याच्या काठावर उभी होती. ती भैयाजींकडे पाहत नव्हती, माझ्याकडेही नाही. मेजर बसला होता त्या जागेकडे पाहत होती. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ.

कार्तिक वद्य चतुर्थी

रेल्वेचा एक गार्डसाहेब तलावावर बदकं मारायला आमच्या साहेबासोबत येत असे. गोंदियाला राहतो, त्याला कुत्र्यांचा शौक आहे. सालेकशाच्या स्टेशनमास्तरांच्या हाती त्याला पत्र धाडलं. साहेब येईपर्यंत मेजरला सांभाळा, मी असमर्थ आहे. असमर्थ हा शब्द लिहिताना हात थांबला. पण दुसरा सुचला नाही.

निर्मलाच्या मायला पत्र वाचून दाखवलं. "धाडलं का?" तिनं विचारलं. म्हटलं, धाडलं. "मंग आता इचारता कायले?"

संध्याकाळी ती बाडीत, गोठ्याच्या मागं, दोन हात जागा सारवत होती. तिथं कोणी बसत नाही, उठत नाही. विचारलं तर म्हणाली, गोवऱ्या थापाले.

कार्तिक वद्य अष्टमी

गोवऱ्या दिसल्या नाहीत. जागा मात्र रोज सारवते. लेकीच्या बाळंतपणाची काळजी आहे, हात रिकामे राहवत नसतील.

पहाटे मी जपाला बसतो तेव्हा ती एका हातात शेणाची टोपली आणि दुसऱ्या हातानं मेजरला धरून बाडीत जाते. पूर्वी त्याला शिवत नव्हती. खळ्यावर अपमान झाला म्हणून दया आली असावी.

कार्तिक वद्य एकादशी



सात दिवस झाले. घरात नाही, अंगणात नाही, रांगोळीजवळ नाही. काल तिनं बाळंतिणीची खोली सारवली, आज एकादशी म्हणून देवघर सारवलं. मेजर उंबऱ्यावर डोकं ठेवून पाहत पडला होता. आत आला, ओल्या जमिनीचा वास घेतला आणि बाहेर गेला. मी पाटावर बसलो होतो. डोळ्यांत पाणी आलं.

नवस फळला. तीस दिवस तंबाखूला शिवलो नाही. मन धानाकडे गेलं, कुत्र्याकडे गेलं, तरी त्यानं ऐकलं. माझ्यासारख्याचं एवढ्या लहान कामासाठी देव ऐकतो, तर मग मोठ्या कामांसाठी मी मागायला घाबरत का आलो?

तिला सांगितलं. ती म्हणाली, "हो न. देवच." आणि पेज ढवळायला लागली.

कार्तिक वद्य त्रयोदशी

गार्डसाहेबाचं उत्तर आलं. मार्गशीर्ष शुद्ध द्वितीयेला तो सकाळच्या पॅसेंजरवर आहे. सालेकशाला कुत्रं घेऊन यावं. कुत्र्याला तो आनंदानं ठेवील.

मी पत्र चार वेळा वाचलं. पंचमीला निर्मला सासरहून, केशोरीहून येणार. म्हणजे वेळेत झालं. सगळं वेळेत झालं, आणि मला काहीच बरं वाटत नाही. कुत्रं शिकलं तर राहील, असं तीच म्हणाली होती. शिकलं. पण भैयाजी? आणि माझं पत्र? साहेबाला दिलेला शब्द, गार्डसाहेबाला दिलेला शब्द, भावाचा मान. एका कुत्र्याच्या पाठीवर किती लोकांचे शब्द ठेवले मी.

"का करू?" मी तिला विचारलं.

"शब्द देल्ला त नेऊन द्या," ती म्हणाली. मग म्हणाली, "तिकडं त्याले पेज कोण देईल? थो थंडी पेज खात नाई." आणि थोड्या वेळानं, "खादाड मेला."

मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया

पाऊस: शून्य. आज आठ वाजता मापकाकडे गेलोच नाही, पण आकाश कालपासून कोरडं आहे, म्हणून शून्य लिहितो.

पहाटे निघालो. निर्मलाची माय दारात आली नाही. आतून म्हणाली, "पोटात काई टाकून घ्या." कोणाला म्हणाली ते स्पष्ट नव्हतं. मेजरच्या थाळीत दूधभात होता, ऊन. तेव्हा कुठं कपिलाच्या दुधाचं थोडं माझ्या ध्यानात आलं. पण ते मी मनात पुढं नेलं नाही, कारण मग पाय उचलले नसते.

सालेकसा दोन कोस. धान कापलेल्या बांध्यांमधली वाट, मग मोहाची झाडं, मग जंगल. मेजर पुढं ओढत होता, मला जणू तोच पोचवायला निघाला होता. स्टेशनवर कळलं, गाडी अडीच तास उशिरा.

तासाभरानं तो कण्हू लागला. मी गवत दाखवलं. पळस दाखवला. रुळाच्या कडेची खडी, कुंपणाचा खांब, पाण्याच्या टाकीखालचा चिखल, सगळं दाखवलं. तो प्रत्येक जागी वास घेई आणि माझ्याकडे पाही. शेतावरच्या झोपडीतला दिवस आठवला. मला त्याची कीव आली. पहाटेपासून पोटात धरून होता.

पोर्टर श्यामलाल याची क्वार्टर फलाटाच्या टोकाला आहे. त्याची बायको रुख्मा ओटा सारवून नुकतीच उठली होती. मेजरनं एक हिसका दिला, दोरी माझ्या हातातून गेली, आणि तो त्या ओल्या ओट्यावर जाऊन असा बसला जसा माणूस घरी पोचल्यावर बसतो.

"अवो बाप्पा," रुख्मा म्हणाली, "माहा हात वाळला नाई अजून. तीन दिवस ओटा कोरडा होता, तवा कोणी फिरकलं नाई. आज ओला केला त कुत्रं घेऊन आले जी तुमी."

मी फार शरमलो. म्हटलं, बाई, मी साफ करून देतो.

"सारवता येते का?"

"येत नाही."

"मंग करा. पाहू द्या मलेबी. म्हातारपनी मर्दमानूस सारवून राहिला, हे कोणाले पाहाले भेटते."

तिनं टोपली पुढं सरकवली. मी घाण उचलून टाकली, धोतर खोचलं, गुडघ्यावर बसलो आणि शेणात हात घातला. जन्मात पहिल्यांदा. हात फिरवला, चार बोटांच्या रेघा उठल्या. वास आला. मी तो वास रोज घेतो, पण एवढ्या जवळून कधी घेतला नव्हता. आणि माझ्या खांद्याजवळ मेजरचं नाक आलं, त्यानंही तोच वास घेतला, आणि माझ्या हाताशेजारी, मी सारवलेल्या जागी, उरलेलं काम केलं.

मी तसाच बसून राहिलो. रुख्मा हसत होती. बंगल्याजवळचं आखर. रोज सकाळी, शेणाच्या वासात. बकारामनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी ते लिहूनही ठेवलं होतं.

हात धुऊन पिशवीतून ही वही काढली. गार्डसाहेबाचं पत्र हिच्यातच होतं. पहिल्या पानापासून वाचत आलो. सडा. माजघर सारवलं. देवघर सारवून दिलं. शेणाचा गोवर्धन. वृंदावनाभोवती आजच सारवलेलं. खळं. सगळं माझ्याच अक्षरात. तिथी मी वर लिहीत होतो, म्हणून मला तिथीच दिसत होती.

मग शेवटची पानं वाचली. गोठ्यामागं दोन हात जागा. गोवऱ्या दिसल्या नाहीत.

गाडी आली. गार्डसाहेब उतरला, मेजरला पाहून खूश झाला, त्याच्या छातीवर थोपटलं. विचारलं, "घर में गंदा तो नहीं करता?"

एवढा सोपा प्रश्न होता. नाही म्हटलं असतं तरी खोटं ठरलं नसतं, गेले पंधरा दिवस तो स्वच्छ होता. पण खरंही ठरलं नसतं. मी सांगितलं, साहेब, ज्या जागी ताजं शेण सारवलेलं असतं तिथंच हा बसतो, दुसरीकडे कुठंच बसत नाही. रोज सारवून द्यावं लागेल.

तो म्हणाला, "मेरे बंगले में फरशी है, केशोराव. ऊपर गलीचा. मेमसाब रोज गोबर लीपेगी क्या?" आणि इतका हसला की झेंडी काखेतून पडली. मेजरनं ती उचलून त्याच्या हातात दिली. फक्त थोडी चावलेली होती. "ले जाओ," तो म्हणाला. "तुम्हारा घर ही ठीक है इसको." शिट्टी वाजवली आणि गेला.

परत येताना खळ्यावर भैयाजींना गाठलं. सगळं सांगितलं, रुख्माच्या ओट्यासकट. त्यांनी बिडी पेटवली.

"म्हनजे गोमयाबिगर बसत नाई थो?"

"नाही."

"तुह्यापेक्षा सोवळा हाये की मंग." बिडी विझवली. "खळं सारवू त्या रोजी बांधून ठेवजो. दोरीनं नाई, साखळीनं."

घरी आलो तर ओसरीवर कोणी नव्हतं. मेजर मला ओढत सरळ बाडीत घेऊन गेला. गोठ्यामागची जागा सारवलेली होती. ओली होती. एका कोपऱ्यात दोन बोटांची रांगोळीही होती, घाईत ओढलेली. निर्मलाची माय भोपळ्याच्या वेलाशी काहीतरी करत होती. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा वेलाकडे पाहिलं.

"नेलं नाई?"

"नेलं होतं. आणलं परत." मग विचारलं, "तुले मालूम होतं?"

"खळ्यापासून."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी देवाले नवस केला होता. तंबाखू सुटून राहिली होती. मी मधात कायले बोलू?"

तर मग नवस फळला की नाही? फळला असेल तर तो देवानं फळवला की हिनं? आणि देवानं हिच्या हातून फळवला, असं म्हणावं तर श्रेय कोणाला देऊन जपाला बसायचं? काही असो, कुत्रं शिकलं. नवस संपला. मी डबी मागितली. तिनं आणून दिली. उघडली तर आत बाळंतशोपा भरलेल्या होत्या, निर्मलासाठी. मी झाकण लावून परत दिली.

आता मेजर माझ्या पायाशी उजव्या वहाणेवर डोकं ठेवून झोपला आहे. सगळं लिहून झालं, एकच गोष्ट राहिली. ती जागा दुपारनंतरही ओली होती. म्हणजे मी त्याला घेऊन गेल्यावर सारवली. कुत्रं तर कायमचं जाणार होतं. मी तिला विचारलं, आज सारवलं कायले?

"निर्मला येऊन राहिली, म्हून," ती म्हणाली.

निर्मला गोठ्यामागं कशाला जाईल, ते मला समजलं नाही.